हौसाची वाटी

आई गं,

काल तुझं वर्षाचं जेवण घातलं. गावाकडं नाही आणि माझ्या घरीही नाही. मिरजेत, तू शेवटची दोन वर्षं जिथं काढलीस त्या वृद्धनिवासाच्या जेवणघरात घातलं. खीर मी स्वतः ढवळली. वाढायला उभी राहिले, पहिल्या ताटापुढं वाकले, आणि पळी हातातच राहिली. काय दिसलं ते सांगते. पण आधी एक कबुली द्यायची आहे. मी तुझ्याशी खोटं बोलले होते. आणि तुला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला काल कळलं.

"मग आता कशाला सांगतीस, बाई?" असं म्हणशीलच तू. पण सांगू दे. वीस वर्षं झाली एसटीत कंडक्टर आहे मी. रोज शंभर माणसांशी तोंड वाजवते, दारूड्याला धरून खाली उतरवते, तरी तुझ्यापुढं उभं राहून एवढं एक वाक्य बोलणं माझ्यानं झालं नाही. म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरले नाही. पण तिथं कोणीतरी वाचून दाखवेल की! आबा आहेत, मामा आहे. आबा वाचतील तर सावकाश वाचायला सांग, ते फौजेतल्यासारखं भराभर वाचतात.

तू न्हाणीत पडलीस तिथून सुरू करते. वडूजपासून पुढं आपलं गाव, तिथून जीपमध्ये मागच्या बाकावर आडवी घालून तुला मिरजेला आणली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता रात्रंदिवस माणूस हवं, एकटं ठेवायचं नाही. माणूस कुठून आणायचं? धाकटा संजू फौजेत, सरहद्दीवर, त्याची बदली कधी कुठं होईल त्याचं त्याला माहीत नाही. मी पहाटेच्या गाडीवर. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की समोरून माणूस आलं तर आपण मागं सरायचं. घरातली थोरली मी. लहानपणापासून हेच ऐकत आले, थोरलीनं बघावं, थोरलीनं करावं. तेव्हा निर्णयही थोरलीनंच घेतला. निवास बघून आले, खोली बघितली, आणि दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसून, तीन दिवस मनात घोकलेलं सगळं एका दमात तुला सांगितलं.

तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "पानी गरम मिळतंय का तितं?"

"मिळतं."

"मग जाऊ की."

संपलं! आई, एकदा तरी भांडायचं होतंस गं. तलाठ्याला तोंडावर बोललीस, दुधात पाणी घातलं म्हणून गवळ्याला दारात उभा केलास, आणि स्वतःचं घर सोडायची वेळ आली तेव्हा "जाऊ की"? तू नाही म्हणाली असतीस तर मला तुझ्यावर चिडता आलं असतं. तू ऐकलंस, म्हणून मला माझ्यावरच चिडावं लागलं. आणि मी चिडले की हाताला घाई होते, हे तुला माहीत आहे.

घर रिकामं करायला मला तीन दिवस रजा मिळाली होती. तीन दिवसांत साठ वर्षांचा संसार! निवासातून सांगितलं होतं, एक ट्रंक आणि एक पिशवी, बस्स. तुला सोप्यात खाटेवर बसवलं, पाय उशीवर, आणि मी आतून एकेक वस्तू आणून तुला दाखवायला लागले. जातं शेजारच्या भागाकाकूला दिलंस. पाटा-वरवंटा तिच्या सुनेला. घोंगडी संजूला ठेवायला सांगितलीस. आबांची काळी ट्रंक तूच निवडलीस, त्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि नंबर आहे म्हणून. "नाव हाय, म्हंजी हरवायची न्हाई," म्हणालीस.

पण तू प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायचीस. ही वाकळ कोणाच्या लुगड्याची, या उखळात कुठल्या साली कोणाच्या लग्नाची हळद कुटली. आणि मी? "आई, उरक गं. टेम्पो यायचाय." आई, मी तुला 'उरक' म्हणाले. जसं प्रवाशांना म्हणते, पुढं सरका, सुटे काढा, उरका. पहिल्याच दिवशी तू म्हणाली होतीस, "फळीवरच्या बारक्या वाट्या तेवढ्या ऱ्हाऊ दे, मी बगती त्या." मी "हो हो" म्हटलं. तेही प्रवाशांना म्हणतो तसंच. गाडी इथं थांबेल का हो? हो हो.

आपली ती फळी! मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले ते त्या फळीवर. तुला आठवतं? आबा रजेवर आले की मला खांद्यावर घेऊन भांडी वाचायला लावायचे. परातीवर आबांच्या आत्याचं नाव, तांब्यावर तुझं, घागरीवर तुझ्या लग्नातल्या कुणा व्याह्याचं. दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव घालायचं, ही आपल्याकडची रीतच. त्या काळी छिन्नीनं ठोकून घालायचे, ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, बोटाला खरखरीत लागणारी. तू वाचू शकत नव्हतीस, पण अंधारातही अंगठा फिरवून सांगायचीस, हे भांडं अमक्याचं.

त्यात सगळ्यात खालच्या फळीवर एक पितळी वाटी होती, मुठीत मावेल एवढी. काठाला पोचा आलेली. 'चि. हौसा हिस मामाकडून.' मी वाचलं आणि तुला विचारलं, हौसा कोण?

तू भाकरी थापत होतीस. "तुज्या आदी झालेली. मामानं बारशाला दिली वाटी."

"मग कुठाय?"

"गेली. आट म्हयन्याची व्हती." एवढं बोलून तू भाकरी तव्यावर टाकलीस. मी खेळायला पळाले.

हौसाचा फोटो नाही. तिचं नाव कुठल्या दप्तरात नाही, तेव्हा घरात झालेल्या पोराची नोंद कोण करत होतं? बांधाला जिथं तिला पुरलं, तो बांधही पुढं वाटण्यांमध्ये सरकला. साऱ्या दुनियेत तिचं नाव लिहिलेली जागा एकच, ती वाटी. आणि तू ती वर्षातून एकदाच वापरायचीस. गौरी जेवणाच्या दिवशी. गौरीपुढं नैवेद्याचं ताट आणि कडेला ती वाटी, पुरण घालून. "तीबी म्हायेराला आलीया," म्हणायचीस. मग ते पुरण गल्लीतल्या एखाद्या लहान पोरीला खायला द्यायचीस. मी हे सगळं बघत मोठी झाले गं. मला माहीत होतं! हेच तर मला सहन होत नाही. कुणी परकी बाई घर आवरत असती तर तिचं चुकलं म्हटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोळीनं तुला झोप लागली. टेम्पो दारात आला होता. मी फळीवरची सगळी भांडी दोन पोत्यांत भरली. वाट्या एकात एक बसलेल्या होत्या, तशाच टाकल्या. एकाही भांड्यावरचं नाव वाचलं नाही. वाचत बसले असते तर टेम्पोवाला बोंबलला असता. वडूजला भांड्याच्या दुकानात मोड घातली आणि मोडीवर तुझ्या खोलीसाठी एक थर्मास आणि झाकणाचे दोन डबे घेतले. वर स्वतःवर खूश! आईला गरम चहा मिळेल, म्हटलं. पुढं दोन वर्षं तू त्या थर्मासातला चहा प्यालीस. त्या थर्मासात हौसाची वाटी गेली होती.

निवासात पहिल्या दिवशी तुझ्या लुगड्यांवर नाव घातलं, धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून. पदराच्या कोपऱ्यात काळ्या शाईनं 'अनुसया'. तू ते बघितलंस आणि म्हणालीस, "नाव भांड्यावर घालत्यात. लुगड्याला कशाला?" तिथली मालन, तुझ्या मजल्याचं सगळं बघणारी, हसून म्हणाली, "आजी, हरवू नये म्हनून." तू म्हणालीस, "लुगडं हरवलं तर हरवू दे. मी न्हाई हरवत." हसलो आम्ही. घरी येऊन मी रडले. तुला हे कधी सांगितलं नाही.

गौरी पंधरा दिवसांवर आल्या तेव्हा तू विचारलंस, "शाले, ती वाटी कुटाय गं?"

कुठली वाटी, हे मला विचारावं लागलं नाही. तोंड आपोआप बोलून गेलं, "माझ्याकडं आहे की. नीट ठेवलीय. पुढच्या रविवारी आणते."

सुट्टीच्या दिवशी वडूज गाठलं. दुकानदार म्हणाला, "आवं ताई, मोड आमी ठेवून घेतो व्हय? ती कवाच गेली भट्टीला. आतापतूर तिची परात झाली आसंल कुटंतरी." मी त्याच्या दुकानात खाली बसले. त्यानं पाणी दिलं. त्याचा काय दोष?

तिथंच तुला फोन करून खरं सांगायला हवं होतं. पण मी काय केलं? मिरजेच्या भांड्यांच्या गल्लीत तेवढीच एक पितळी वाटी शोधली. कारागिरानं मशीन लावलं, घर्रर्र केलं, दोन मिनिटांत नाव घालून दिलं. 'चि. हौसा हिस मामाकडून.' घरी आणून राख आणि चिंच लावून घासली, गॅलरीत उन्हापावसात ठेवली, परत घासली. मग जिन्याच्या कठड्यावर आपटून काठाला पोचा पाडला. पहिल्यांदा चुकीच्या जागी पडला. तो ठोकून सरळ केला आणि पुन्हा आपटली. खाली राहणारी बाई वर डोकावून म्हणाली, "काय चाललंय?" म्हटलं, उंदीर.

रविवारी वाटी तुझ्या हातात दिली. तू खाटेवर बसली होतीस, खिडकीतून ऊन येत होतं. तू ती वळवून बघितलीस. नावावरून अंगठा फिरवलास. पुन्हा एकदा फिरवलास. अंगठा थांबला. मला वाटलं, तुला दम लागला.

"व्हय," म्हणालीस. "ठेव तितं. जेवलीस का?"

आई, मी त्या दिवशी निवासातून बाहेर पडले आणि समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली. सुटले म्हणून! आज हे लिहिताना लाज वाटते.

त्यानंतर तू वाटीचं नाव काढलं नाहीस. पण मी निघायला लागले की एक विचारायचीस. दर रविवारी. चपला घालून दारात गेले की मागून तुझा आवाज यायचा, "आनि काय?"

"काही नाही," मी म्हणायची. "येते."

मला वाटायचं, म्हातारं माणूस, जवळ बसायला हवं असतं, म्हणून विचारते. कधी कधी तर चिडायचीही मनातल्या मनात. ड्युटीवर जायचंय, काय 'आनि काय'? पुन्हा पुढच्या रविवारी तेच. तू किती वेळा दार उघडून दिलंस गं मला! आणि मी किती वेळा "काही नाही" म्हणून निघून गेले.

तू गेलीस तेव्हा मी कऱ्हाडच्या स्टँडवर होते. गाडी लागलेली, माणसं चढत होती, आणि फोन आला. मी डबल बेल दिली आणि गाडी मिरजेपर्यंत आणली. तिकिटं फाडली, सुटे दिले, कोणाला कळलंसुद्धा नाही. मालन म्हणाली, सकाळी चहा घेतला, उशीला टेकल्या आणि श्वास सोडला. तिचा हात तुझ्या हातात होता. माझा नव्हता. तिचं कौतुकही वाटतं आणि तिचा हेवाही वाटतो, दोन्ही खरं आहे.

आबांची ट्रंक माझ्याकडं आली. दोन लुगडी, आबांचं फौजेतलं ब्लँकेट, तुझा चष्मा, थर्मास. वाटी नव्हती. मी ट्रंक दोनदा उचकली. आणि खरं सांगू? वाटी नाही म्हटल्यावर हायसं वाटलं. माझ्या खोटेपणाचा तेवढा एकच पुरावा होता, तोही गेला. आईला काही कळलं नाही, ती सुखानं गेली, असं वर्षभर स्वतःला सांगत राहिले. रात्रीची झोप त्यावर काढली.

आणि मग काल.

तुझ्या मजल्यावरची बारा माणसं पंगतीला बसली होती. मी मास्तरांपासून सुरुवात केली, तुझ्याशी रेडिओवरून भांडायचे ते. त्यांच्या ताटात खिरीसाठी स्टीलची वाटी मांडलेली. मी पळी भरली, वाकले, आणि वाटीच्या काठावर अक्षरं दिसली. मला कुठल्याही भांड्यावरचं वाचल्याशिवाय राहवत नाही, आबांनी लावलेली सवय. एकदाच सवय मोडली होती, तर ते महागात पडलं. वाचलं. 'चि. हौसा हिस.' पुढचं मास्तरांच्या बोटाखाली होतं.

दुसऱ्या ताटाकडं बघितलं. तीच वाटी, तेच नाव. तिसऱ्या ताटात तेच. पंगतभर हौसा! ज्या पोरीचं नाव जगात एका जागी होतं आणि तेही मी मोडीत घातलं, ती बारा ताटांत बसली होती.

मास्तर म्हणाले, "वाढा की ताई. काय पेपर हाय व्हय तो वाचायला?"

मी वाढलं. कसं वाढलं मला माहीत नाही. बारा जणांना खीर वाढली, पातेलं खाली ठेवलं आणि मालनला हाताला धरून मोरीपाशी नेलं. "ह्या वाट्या कुणी आणल्या?"

"आजींनी." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुमास्नी म्हाईत न्हाई? मला वाटलं तुमीच पैसं दिलं आसतील."

मग तिनं सांगितलं. तू जायच्या दोन महिने आधी ती तुला डोळे दाखवायला घेऊन गेली होती. येताना तू रिक्षा भांड्यांच्या गल्लीत थांबवायला लावलीस. ओच्यातून पितळी वाटी काढलीस, मी दिलेली, आणि कारागिरापुढं ठेवलीस. म्हणालीस, बारा वाट्या दे आणि यावरचं हौसाचं नाव सगळ्यांवर घाल.

मालननं तुला विचारलं होतं, "आजी, ही जुनी वाटी का तुमची?"

"न्हाई गं. जुनी गेली मोडीत, गडबडीत. ही लेकीनं नवी करून आनलीया. जुन्या वाटीचं नाव बोटाला लागायचं, हिचं गुळगुळीत हाय. तिला वाटतंय मला कळलं न्हाई."

"मग तिला बोलला न्हाई व्हय काय?"

"काय बोलू? पोचासुदिक पाडून आनलीया तिनं. मी गावाकडं हुते तवा कुनी माज्यासाटी एवढा खटाटोप केलावता व्हय?" आणि मग म्हणालीस म्हणे, "एकच व्हती म्हनून गेली. आता बारा करायच्या. एकादी हरवली तरी नाव ऱ्हातंय."

आई! एवढं सगळं मालनला सांगितलंस, आणि मला? मी दर रविवारी समोर बसायची, केळी सोलून द्यायची, नखं काढून द्यायची. एकदा म्हणायचं होतंस, शाले, तू खोटं बोललीस. मी पायावर पडले असते गं. तू शिव्या दिल्या असत्यास, चार दिवस बोलली नसतीस, पण मी तुझ्या डोळ्यांत बघून मोकळी झाले असते. तू वाट बघत राहिलीस आणि मी भजी खात राहिले. तुझ्यावर रागवायचा मला हक्क नाही, कळतंय मला. तरी राग येतो.

मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसून रडायला लागले. मालन म्हणाली, "आक्का, रडू नगा, अजून एक ऱ्हायलंय. वाटी नीट वाचली न्हाई तुमी."

तिनं घासायला आलेली मास्तरांची वाटी विसळली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. वाचलं.

'चि. हौसा हिस शालनकडून.'

मामाकडून नाही. शालनकडून.

"कारागीर म्हनला, आजी, नमुन्यावर तर मामा हाय," मालन सांगत होती. "तर आजी म्हनल्या, मामानं दिलेली गेली. ही तिच्या भनीनं दिलीया. ज्यानं दिलं त्याचंच नाव घालायचं आस्तंय."

आई गं. मी चोरून, तुला फसवायला वाटी केली होती. तू तिची भेट केलीस. माझ्या खोट्यावर रीतीप्रमाणं माझं नाव घातलंस, आणि ते खोटं राहिलंच नाही. अक्षर ओळखीचं नसलेल्या बाईला हे सुचलं कसं? मी वीस वर्षं चार जिल्ह्यांच्या पाट्या वाचत फिरते, मला सात जन्मांत सुचलं नसतं.

मालननं मग जेवणघरातल्या देव्हाऱ्यातून ती पितळी वाटीही काढून आणली. माझा पोचा तसाच आहे, थोडा वाकडाच पडलाय. गेल्या गौरीला तिच्यात पुरण घालून नैवेद्य दाखवला, म्हणाली. आजींनी सांगून ठेवलंय. ते पुरण तिथं झाडायला येणाऱ्या बाईच्या लहान मुलीनं खाल्लं. मी वाटी हातात घेतली आणि तुझ्यासारखा नावावरून अंगठा फिरवून बघितला. खरंच गुळगुळीत आहे गं. कुणालाही कळलं असतं.

"घेऊन जावा आक्का, तुमचीच हाय," मालन म्हणाली.

मी परत दिली. एक ट्रंक आणि एक पिशवी असा नियम तुला लावला होता ना मी? तू त्यातही तेरा वाट्यांचा संसार मांडलास. तो मी दुसऱ्यांदा मोडणार नाही. जेवण उरकल्यावर... नाही, उरकल्यावर नाही, जेवण झाल्यावर मी त्यातल्या एका वाटीत राहिलेली खीर खाल्ली. मास्तर समोर बसून रेडिओच्या तक्रारी सांगत होते, तुझ्याविना भांडायला कुणी नाही म्हणाले. मी तासभर ऐकलं. सेकंड शिफ्ट होती, उशिरा गेले. कंट्रोलरनं ऐकवलं. ऐकवू दे.

संजूला रात्री फोन लावला आणि सगळं सांगितलं, पोत्यांपासून भज्यांपर्यंत. तो म्हणाला, "अक्का, हौसा कोण?" बघ! त्याला माहीतच नव्हतं. तू मला एकदा सांगितलंस भाकरी थापता थापता, आणि तेवढंच. त्यालाही सांगितलं. मग त्याच्या घरी फोन लावून त्याच्या लेकीलाही सांगितलं, तुला एक आत्या अजून आहे म्हणून.

आता शब्द देते, नीट ऐक. दर गौरीला मी पुरण घेऊन तिथं जाईन आणि पितळी वाटी माझ्या हातानं भरेन. बारातली एखादी हरवली, चेपली, कुणी घरी नेली, तर तिच्या जागी दुसरी येईल, नावासकट. माझे पाय थकतील आणि माझ्यासाठीही कोणी एक ट्रंक आणि एक पिशवी भरायला बसेल, तेव्हा मीही "जाऊ की" म्हणेन, पण त्याच्याआधी एकदा कचकचून भांडेन. आणि ज्याला भरायची घाई असेल त्याला बसवून फळीवरचं एकेक नाव वाचायला लावेन. आणि गाडीत म्हातारं माणूस चढताना माझ्या तोंडून 'उरका' निघणार नाही. निघालंच तर तू वरून टपली मार.

तू विचारायचीस ना, "आनि काय?" एवढंच राहिलं होतं, आई. सांगितलं.

आणि ते थोरलेपण आजपासून मी खाली ठेवते. ते माझं नव्हतंच कधी. थोरली तुझ्यापाशी आहे, तिला माझ्याकडून कडेवर घे.

तुझी धाकटी लेक,
शालन